आखूड स्क्रू

दार हलायचं थांबलं तेव्हा रंध्याला आधी बरंच वाटलं. ड्रिल लावलं की दार थरथरत होतं, बिजागऱ्या जुन्या झालेल्या, टोक एका जागी टिकत नव्हतं, आणि ते दार ज्याने कुणी बसवलं होतं त्याच्या सात पिढ्यांचा तो मनातल्या मनात उद्धार करत होता. मग दार एकदम गप्प झालं, चौकटीला चिकटून बसलं. त्याने एक भोक पाडलं, दुसरं पाडलं, फुंकर मारून भुसा उडवला, आणि तिसऱ्या भोकाला टोक टेकवताना त्याच्या डोक्यात आलं की दारं अशी आपोआप शहाणी होत नाहीत. आतून कुणीतरी मूठ पकडून दार स्वतःकडे ओढून धरलं होतं. म्हणजे आत माणूस होतं. ज्या खोलीला तो बाहेरून कडी-कोयंडा बसवत होता त्या खोलीत, जिच्यासाठी कडी होती ती उभी होती, आणि कारागिराचं काम नीट व्हावं म्हणून दार धरून उभी होती.

रंध्या हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. रंधा मारायला बसला की हा जेवायचं विसरतो, म्हणून सुतारकामाच्या दुकानातल्यांनी ते चिकटवलं आणि चिकटलं. वय सव्वीस. सात वर्षं तो लोकांच्या घरांना दारं बसवत होता. त्या शनिवारी सकाळी मिस्त्रीने पत्ता हातात दिला, अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाला. दार उघडलं ते घरातल्या मुलाने. बावीस-तेवीसचा, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला इतका गोड की याला कुणी रागावतच नसेल असं वाटावं. त्याने आल्या आल्या पाणी दिलं, पंखा लावला, दादा म्हणाला. खोली लहान असल्यामुळे तिचं दार हॉलकडे उघडणारं होतं. रंध्याने माप घ्यायला ते उघडायला हात घातला, तर तो म्हणाला, "आतून नाही दादा, बाहेरून." आणि आपणच हसला. मग त्याने सगळं एका दमात सांगितलं. ताईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. बाबांना पसंत नाही. सोमवारी सकाळी तिला तिथं हजर व्हायचं आहे, त्यासाठी रविवारी संध्याकाळची गाडी धरावी लागेल. तेवढी तारीख निघून गेली की कडी काढून टाकू, भोकं तुम्ही पुट्टीने बुजवून द्यालच. बाबांचा हात जरा तापट आहे, हेही त्याने सांगितलं, जसं कुणी सांगावं की आमचा गीझर जरा जास्त तापतो. बाबा तिथेच होते. पेपर उघडून बसले होते आणि अर्ध्या तासात त्यांनी एकही पान उलटलं नाही. स्वयंपाकघरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. एवढी भांडी कुणाच्या घरात नसतात.

दीड इंची स्क्रूची पुडी समोर होती. रंध्याने पिशवीच्या तळाशी हात घालून अर्धा इंची काढले. डोकी सारखीच असतात, बसल्यावर फरक कळत नाही. कोयंडा चौकटीत अर्धा इंच रुतला. एक दणका दिला की निघेल असा त्याचा अंदाज. छातीत काहीतरी चोरट्या आनंदाने उड्या मारत होतं. बाबांनी उठून स्वतः कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, छान. त्या 'छान'ने रंध्याला आतल्या आत हसू फुटलं. जिना उतरताना तो जवळजवळ शीळ घालत होता. बनवलं म्हाताऱ्याला. दोन जिने उतरेपर्यंत तो स्वतःच्या नजरेत भलताच उंच झाला होता, आणि तळाच्या पायरीवर त्याला ती दार धरून ठेवणारी मूठ पुन्हा आठवली आणि ती उंची सरकन खाली आली. का आली ते त्याला तेव्हा कळलं नाही. भूक लागली असेल असं वाटलं.

दुकानात दुपारच्या चहाला त्याने ही गोष्ट सांगितली. सांगितली म्हणजे फुशारकीच मारली. पॉलिश करणारा पोरगा, ज्याला सगळे पॉलिशच म्हणत, मांडीवर थाप मारून म्हणाला की भारी डोकं चालवलंस, आता दुकानावर बोर्डच लावू, इथे कड्या बसवून मिळतील आणि समाजसुधारणाही करून मिळेल. मिस्त्री मात्र हसला नाही. त्याने कप खाली ठेवला, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवून सांगितलं की यात तू काही नवीन केलेलं नाहीस. त्याच्या उस्तादाने त्याला हेच शिकवलं होतं. बाहेरून कडी म्हटली की आखूड स्क्रू. बोलायचं नाही, वाद घालायचा नाही, काम सोडायचं नाही, स्क्रू तेवढे आखूड टाकायचे. तीस वर्षांत आठ-नऊ घरं झाली असतील. सांगताना मिस्त्रीचा चेहरा असा झाला होता की जणू त्याने आठ-नऊ विहिरी खोदल्या. रंध्याला त्याच्याबद्दल माया वाटली, आणि त्या मायेतच त्याने विचारलं की मग त्यातल्या किती जणी दारं फोडून बाहेर आल्या?

मिस्त्रीने कपाकडे पाहिलं. "ते कसं कळणार? आपण परत थोडेच जातो."

आणि त्यांना माहीत होतं का, स्क्रू आखूड आहेत म्हणून? मिस्त्री वैतागला. माहीत कसं असणार, सांगितलं तर बोंब नाही का होणार, एकदा का हा माणूस घरातल्या गोष्टीत तोंड घालतो असं झालं की कुठल्या घरात आपल्याला दाराशी तरी उभं करतील? आपण आपल्या परीने करायचं. आपल्या परीने. हे दोन शब्द त्याने आयुष्यभर ऐकले होते आणि दर वेळी ते बोलणारा माणूस खुर्चीत बसलेला असायचा. त्याला राग आला, आधी मिस्त्रीचा, मग त्या मेलेल्या उस्तादाचा, आणि मग, मागच्या दाराने आत आल्यासारखा, स्वतःचा. हे कसलं धाडस? जिला बाहेर पडायचं तिला पत्ता नाही, ज्याने कोंडलं त्याला पत्ता नाही, पत्ता फक्त स्क्रू पिळणाऱ्याला, आणि तो चहा पिताना स्वतःची पाठ थोपटतो. ती मुलगी दाराला हातही लावणार नाही, कारण तिने स्वतःच्या कानांनी कडी बसताना ऐकली आहे. भोकं पाडण्याचा आवाज तिच्या तळहातातून गेला आहे. तिला दार पक्कं आहे हे पटवून देणारा माणूस कोण? बाप नव्हे. भाऊ नव्हे. रंध्या.

रात्रभर झोप लागली नाही असं काही झालं नाही. तो चांगला घोरत झोपला आणि याचाही त्याला सकाळी राग आला. रविवार होता, दुकान बंद. दाढी करताना आरशात त्याला आपल्या चेहऱ्यात काल पाणी देणारा तो चष्मेवाला पोरगा दिसायला लागला, तोच गोडवा, शहाण्या मुलाचा, ज्याला घरात शाबासकीची सवय आहे. शाबासकी रंध्यालाही मिळायची. तो दहा वर्षांचा होता आणि त्याची ताई सोळाची. ती शिकवणीला जायची तेव्हा वडील त्याला बरोबर धाडायचे. सोबत म्हणून, असं ताईला सांगायचे. डोळे उघडे ठेव, असं त्याला सांगायचे. आणि त्याने ठेवले. परत आल्यावर वडील त्याला बाजूला घेत, खांद्यावर हात टाकत, एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं विचारत, आणि तो खांद्यावरचा हात त्याला इतका आवडायचा की सांगण्यासारखं काही नसेल त्या दिवशी तो कासावीस व्हायचा. एक दिवस सांगण्यासारखं झालं. ताई सायकल धरून उभ्या असलेल्या एका मुलाशी बोलली, आणि हसली. हसली, एवढंच. त्याने ते सांगितलं. किती वेळ हसली तेही सांगितलं. वडिलांनी त्याला माझा वाघ म्हटलं आणि कमरेचा पट्टा काढला. तो आवाज त्याला आजही येतो, पट्ट्याचा नव्हे, पट्टा कमरेतून सुटतानाचा, एकेका लूपातून सरकत येणारा. मग ताईला मागच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली. चार दिवस. आणि दारापुढे रंध्याला चटई टाकून बसवलं, पाटी-पुस्तक देऊन. पाण्याशिवाय काही मागितलं तर हाक मार. तो बसला. शिकवणी सुटली, शाळा सुटली, दोन वर्षांनी ताई लग्न होऊन गेली, आणि त्या चार दिवसांबद्दल घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढला नाही. तो स्वतःला सांगत आला की मी लहान होतो. होताच लहान. पण सोळा वर्षं झाली त्याला, आणि या सोळा वर्षांत मोठा झाल्यावर तरी त्याने काय केलं? परवापरवापर्यंत काहीच नाही, आणि काल अर्धा इंच.

त्याने ताईला फोन लावला. ती दर रविवारी स्वतःच करायची, त्यामुळे त्याचा फोन पाहून ती घाबरली. तिच्याकडे पोरांचा दंगा चालला होता, कुणीतरी कुणाचं तरी पेन्सिलचं टोक मोडलं होतं. त्याने इकडचं तिकडचं विचारायचा प्रयत्न केला आणि ते जमेना, म्हणून सरळ विचारलं. "ताई, त्या चार दिवसांत तू दार ढकललं होतंस का गं?"

तिकडे पोरांचा आवाज दूर गेला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी. एकदा, ती म्हणाली. पहिल्याच दिवशी, एकदा. नाही उघडलं. मग परत नाही ढकललं. आणि मग ती हसली, अगदी खरंखुरं, जुनी गंमत आठवल्यासारखी. "तुला आठवतं का रे, तू बाहेर तेराचा पाढा पाठ करत होतास? तेरा सत्तेला दर वेळी अडकायचास. शेवटी मीच आतून सांगितलं, एक्याण्णव. तू हो हो म्हणालास आणि पुढे गेलास."

त्याला आठवत नव्हतं. एवढी मोठी गोष्ट त्याच्या डोक्यात कुठेच नव्हती, आणि तिने सांगताक्षणी ती अशी आली की चटईची वीण गुडघ्यांना टोचली. दाराखालच्या फटीतून आलेला तो आवाज. पट्ट्याचे वळ पाठीवर असलेली मुलगी, जमिनीवर आडवी झालेली असणार, त्याशिवाय आवाज फटीतून इतका स्पष्ट आला नसता, आपल्या पहारेकऱ्याला गणित सांगते. आणि पहारेकरी तेरा आठं एकशे चार करत पुढे जातो. परीक्षेत त्याला गणितात पैकीच्या पैकी मिळाले होते. त्याने भिंतीला पाठ टेकली आणि कालचं सगळं ताईला सांगून टाकलं, कडी, स्क्रू, आतून धरलेलं दार, संध्याकाळची गाडी. त्याला वाटलं होतं ती म्हणेल जाऊ दे, तू लहान होतास. ते ऐकण्यासाठीच तर फोन केला नव्हता ना आपण, असा संशय त्याला बोलता बोलता आला. ताई शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मग माझ्याशी फोनवर काय बोलत बसलायस?" ती म्हणाली, आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवून दिला.

निघताना त्याने पॉलिशला फोन केला, येतोस का म्हणून. पॉलिशने सगळं ऐकून घेतलं, आणि मला अजून लग्न करायचंय बाबा, असं म्हणून हसला, मग हसू संपल्यावर म्हणाला की जपून. एवढंच. रंध्याने त्याला नावं ठेवली नाहीत. परवा तोही असंच म्हणाला असता. दुपारचे साडेतीन वाजले होते, रस्ते रिकामे, माणसं जेवून पडलेली, इमारतींच्या खिडक्यांवर पडदे. चालताना त्याला प्रत्येक पडद्यामागे दारं दिसायला लागली, त्याने बसवलेली, दुसऱ्यांनी बसवलेली. कुणाच्या घरात काय चाललंय आपल्याला काय करायचंय, हे वाक्य इतकं गुळगुळीत का झालंय? सगळ्यांनी मिळून हात फिरवले म्हणून. ज्याला मारायचं असतं त्याला फार मदत लागत नाही. फक्त बाकीच्यांनी आपापल्या परीने करायचं असतं.

चष्मेवाल्या भावानेच दार उघडलं. दादाला रविवारी पाहून गोंधळला, तरी सवयीने या म्हणाला. रंध्या म्हणाला की कालच्या कामात चूक राहिली आहे, ती सांगायला आलो. दुरुस्त करून टाक, बाबा म्हणाले, पेपरातून मान वर न करता. रंध्या हॉल ओलांडून खोलीच्या दारापुढे गेला. कुलूप तसंच होतं. आपल्याला इतकं भ्यायला होईल असं त्याला वाटलं नव्हतं. एका म्हाताऱ्याची एवढी भीती? म्हाताऱ्याची नव्हती. सात वर्षं कुणाच्याही घरात तो कधी मोठ्याने बोलला नव्हता, त्याची होती.

"ताई," तो दाराला म्हणाला, आणि आवाज नको इतका मोठा निघाला. "काल कडी मी बसवली. स्क्रू आखूड टाकलेत, अर्ध्या इंचाचे. दार ढकललंत तर निघेल. तुम्हाला हे काल सांगितलं नाही."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. बाबा उठले. ते ओरडले नाहीत, ओरडणारी माणसं वेगळी असतात. त्यांनी मुलाला फक्त दोन शब्द सांगितले, दार धर. आणि मुलगा आला आणि दोन्ही तळहात दाराला लावून उभा राहिला, चटकन, काहीही विचार न करता, खुर्ची दे म्हटल्यावर द्यावी तसा. बाबांनी रंध्याला विचारलं की तुझा मिस्त्री तुला यासाठी पाठवतो का, त्याला आत्ता फोन लावतो, उद्यापासून या शहरात स्क्रूड्रायव्हर हातात धरायला मिळणार नाही तुला. रंध्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो त्या पोराकडे पाहत होता. चष्मा नाकावर घसरला होता आणि हात गुंतले असल्यामुळे त्याला तो वर ढकलता येत नव्हता.

"तू जिथं उभा आहेस ना, तिथं मी चार दिवस बसलो होतो," रंध्या त्याला म्हणाला. "माझ्या बहिणीच्या दारापुढे. पाढे पाठ करत. मला कुणी सांगितलं नाही की उठता येतं. तुला मी सांगतोय. दहा वर्षांचा असतास तर गोष्ट वेगळी."

बाबांनी मागून त्याची कॉलर धरली आणि पिळली. त्याच वेळी आतून आवाज आला. चढा नव्हता. "बाजूला हो." भावाला होता, नाव न घेता. पोराचे हात तसेच राहिले, मग कोपरांतून सैल झाले, आणि त्याने ते खाली घेतले. चांगुलपणाने घेतले का दमून, ते त्यालाच ठाऊक. आतून धक्का बसला. अख्खं दार दणाणलं.

कोयंडा जागचा हलला नाही.

बाबा हसले. आणि रंध्याला क्षणात सगळं कळलं. जुनं, कसलेलं लाकूड होतं चौकटीचं, आणि काम त्याने नेहमीसारखं चोख केलं होतं, भोकं बारीक, स्क्रू घट्ट. अर्धा इंचही पुरेसा धरतो. तीस वर्षांत मिस्त्रीच्या एकाही दाराची कुणी परीक्षा घेतली नव्हती. कदाचित त्या आठ-नऊ घरांत कुणीतरी ढकललंही असेल, एकदा, पहिल्या दिवशी, आणि नाही उघडलं म्हणून परत ढकललं नसेल. "परत," तो कॉलरीत गुदमरत ओरडला. "एकदा नाही, परत!" त्याने हात लांब करून बाहेरची मूठ पकडली आणि ओढली, आतून दुसरा धक्का आला, लाकूड करकरलं, आणि बाबांनी त्याला एवढ्या जोरात मागे खेचलं की मूठ सुटली. शर्टाचं बटण टणकन फरशीवर उडालं. मग अचानक गळ्यावरचा पीळ कमी झाला. त्या पोराने बापाचं मनगट धरलं होतं. चेहरा पांढरा फटक, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या आवाजात तो म्हणत होता, "बाबा, सोडा. बाबा, सोडा ना." त्याने आयुष्यात पहिल्यांदा बापाला हात लावला असावा, आणि तो सोडतही नव्हता.

तिसऱ्या धक्क्याला काही झालं नाही. चौथ्याला कोयंडा चार स्क्रूंसकट उपटून आला आणि कुलुपाला लोंबकळत राहिला.

ती बाहेर आली. रंध्याने तिला पहिल्यांदा पाहिलं. पंचविशीची, गालावर पिवळं पडत आलेलं काळंनिळं, एका खांद्यावर बॅग. बॅग भरलेलीच होती. म्हणजे कुलूप लागल्यावरही तिने ती सोडली नव्हती. तिने बापाकडे पाहिलं नाही. भावाला म्हणाली, माझे कागद, आणि तो बापाचं मनगट सोडून कपाटाकडे गेला. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती, हात कोपरापर्यंत साबणाचे, आणि त्या हातांनीच तिने मुलीच्या चपला उचलून तिच्यापुढे ठेवल्या. चपला घालता घालता मुलगी रंध्याकडे वळली. आता ती आभार मानेल, आणि आपल्याला ते सहन होणार नाही, असं त्याला वाटलं.

"काल का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "रात्रभर मी आत होते."

त्याच्याकडे चार-पाच उत्तरं तयार होती, सगळी रंधा मारून गुळगुळीत केलेली. "भ्यालो," तो म्हणाला.

तिने ते ऐकून घेतलं. माफ केलं असं नाही, नुसतं ऐकून घेतलं. मग भावाच्या हातातली फाइल घेतली आणि निघाली. बाबा तिच्यामागे झेपावले तसा रंध्या घराच्या मुख्य दारात आडवा उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून, आणि त्याच्या शेजारी, धाप लागलेला, चष्मा वाकडा, तो पोरगाही येऊन उभा राहिला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. खाली जिन्यावर तिची पावलं वाजत होती, आधी भराभर, मग एकेका मजल्यागणिक सावकाश, जसं घाई संपल्यावर माणूस चालतं. शेवटचं पाऊल रस्त्यात मिसळून जाईपर्यंत रंध्या जागचा हलला नाही. मग फाटकी कॉलर नीट करत तो बाबांना म्हणाला,

"आता लावा मिस्त्रीला फोन. नंबर नसेल तर मी सांगतो."